ग्रीस निघाले, पण गेले कुठे?



बेणे, खोडवा, पाचट या आपल्या नेहमीच्या विषयांना यावेळी थोडी सुट्टी देऊन आम्ही ग्रीस आणि काळ्या ऑईलबद्दल लिहायला बसलो आहोत. शेतकी खात्याला हे उद्योग कुणी सांगितले, असे काहींना वाटेल. इंजिनीअरिंग विभागातल्या आमच्या मित्रांनी तर ते तोंडावरच विचारले. त्यांना जे सांगितले तेच इथे सांगतो. ज्या पाण्यात हे ग्रीस जाते ते पाणी आज ना उद्या उसाच्या सरीत येते, आणि सरीत आले की तो विषय आमचा झाला.

गौरी-गणपती उरकले की आपल्या कार्यक्षेत्रात गावोगावी एकच देखावा असतो. हंगाम तोंडावर आलेला. ट्रॅक्टर उघडून ठेवलेले, ट्रॉल्यांची चाके काढलेली, पोत्यावर हब, बेअरिंगा, नटबोल्ट पसरलेले. शेजारी घमेल्यात डिझेल आणि मेस्त्रीच्या हातात रंगाचा जुना ब्रश. घमेले काळेभोर झाले की बांधापलीकडे उपडे करायचे आणि नवे डिझेल ओतायचे. आम्ही स्वतः कृषी पदविकेला असताना वर्कशॉपात असेच शिकलो. तेव्हा शिकवणाऱ्याने घमेले कुठे ओतायचे हे सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी एका गटातून तक्रार आली. एका सभासदाच्या विहिरीवर तवंग धरला होता. उन्हात इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत होते. ठिबकच्या फिल्टरची जाळी चिकट झाली होती, जनावरे हौदाला तोंड लावीनात. सभासदाचे म्हणणे स्पष्ट होते, "कारखान्याचं पाणी मुरलं." आम्ही जाऊन पाहिले तर कारखान्याचा नाला पार ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला. पण विहिरीच्या वरच्या बाजूला, चाळीस-पन्नास पावलांवर, त्यांच्याच भाऊबंदांची ट्रॉल्या धुण्याची जागा होती. माती काळी पडलेली, फावडे मारले तर वीतभर खालीसुद्धा वास. दोन घरांत आधीच बांधावरून बोलणे बंद होते, त्यात ही भर पडली. आम्ही दोघांनाही समजावले. धुणारा गडी शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सायेब, आमचं बरोबर न्हाई, मान्य. पण तुमच्या यार्डात रात्री काय चालतंय त्ये बघा की आधी."

आम्ही गेलो आणि पाहिले. वाहतुकीची वाहने रांगेत उभी असताना जी किरकोळ दुरुस्ती होते ती वजनकाट्याच्या पलीकडे, उघड्यावर. तिथेही तेच घमेले, तोच ब्रश, आणि उपडे करायला यार्डाची गटार. ती गटार ईटीपीला जात नाही, पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. जागा कोणत्या खात्याची, हे विचारले तर कुणाचीच नाही. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. स्वतःचे अंगण झाडल्याशिवाय सभासदांना उपदेश करायला आम्हाला तोंड नाही.

आता नियमांचे. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ सालचा आहे. साखर कारखान्यांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये सुधारित निकष काढले. त्याप्रमाणे गाळलेल्या उसाच्या दर टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर जाता कामा नये, आणि त्यात तेल व ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. १० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे येत नाही म्हणून आम्ही कागदावर हिशेब मांडला. एक लिटर ऑईलचे वजन सुमारे ९०० ग्रॅम, म्हणजे नऊ लाख मिलिग्रॅम. ते या मर्यादेत बसवायचे तर ९० हजार लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे नऊ टँकर! किंवा असे म्हणा, की ४५० टन ऊस गाळल्यावर जेवढे सांडपाणी सोडायला मुभा आहे तेवढे सगळे एका लिटर ऑईलपायी खर्ची पडले. (पाणी घालून पातळ करणे हा मान्य उपाय नाही, हे जाता जाता सांगतो. हिशेब फक्त अंदाज यावा म्हणून.) मिल हाऊसमध्ये बेअरिंगांच्या ग्रीससाठी आपण ऑईल ट्रॅप बांधला, त्यावर माणूस नेमला, आणि यार्डात मात्र घमेल्याने ओततो.

वापरलेल्या ऑईलचा नियम वेगळा. घातक कचऱ्याचे नियम पहिल्यांदा १९८९ मध्ये आले, सध्या चालू आहेत ते २०१६ चे. त्यांत जळके ऑईल आणि तेल लागलेला गाळ दोन्ही घातक कचऱ्यात धरले आहेत. हा माल अधिकृत प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचा असतो. गोठ्याच्या मेढीला वाळवी लागू नये म्हणून जळके ऑईल फासायची आपली जुनी रीत आहे. इंजिनातले झिजलेले धातू त्या ऑईलमध्ये असतात आणि गाय मेढ चाटते, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

यावर मेस्त्री मंडळींची तक्रार आम्ही ऐकली आहे. त्यांचे म्हणणे, चांगली औषधे सरकारने बंद केली, आता जे मिळते त्याने मळ निघत नाही. पहिल्या भागात तथ्य आहे. पूर्वी वर्कशॉपांतून कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे सीटीसी, सर्रास वापरात होते. पार्टवर ओतले की ग्रीस गेलेच, आग लागण्याची भीती नाही, वाळायलाही वेळ नाही. पण ते यकृताला घातक, आणि वर हवेतल्या ओझोनच्या थराला खाणारे. १९८७ च्या माँट्रियल कराराखाली त्याचा क्रम लागला. आपला देश १९९२ मध्ये त्या करारात आला आणि १ जानेवारी २०१० पासून असा वापर बंद झाला. मग पुष्कळ ठिकाणी ट्रायक्लोरोएथिलीन आले. त्याने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये दिला, आणि अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर बंदीचा नियम काढला. म्हणजे जी औषधे गेली ती पार्टबरोबर धुणाऱ्यालाही धुऊन काढणारी होती. त्यांच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही.

तक्रारीचा दुसरा भाग, काहीच चालत नाही, हा मात्र आम्हाला मान्य नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात हवा इतकी बिघडली, की तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने दुरुस्तीच्या कामात वापरायच्या धुण्याच्या द्रवात उडून जाणारा अंश लिटरला २५ ग्रॅमवर आणून ठेवला. २५ ग्रॅम म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. म्हणून काय तिकडच्या मोटारी ग्रीससकट फिरतात? गॅरेजवाल्यांनी गरम पाण्याची धुण्याची यंत्रे घेतली, सवय बदलली आणि काम चालू ठेवले.

गेले दोन हंगाम आम्ही काही मेस्त्रींना बरोबर घेऊन थोडे करून पाहिले. आमचे शिक्षण शेतीचे, तेव्हा यंत्राच्या बाबतीत चूकभूल जाणकारांनी पदरात घ्यावी. पहिली गोष्ट आम्हीच विसरलो होतो, ती एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दाखवली. त्यांनी धुण्याआधी बांबूच्या कांबीने आणि पत्र्याच्या पट्टीने हब खरवडून घेतला. निम्म्याहून जास्त ग्रीस डब्यात आले, कोरडेच. ते धुवायचे राहिलेच नाही! आपण सरळ ब्रश घेतो आणि जे हाताने उचलता येईल ते डिझेलमध्ये कालवतो. डिझेलला पैसे मोजावे लागत असताना हा कोणता व्यवहार?

खरवडल्यावर लोखंडी आणि बिडाचे पार्ट गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवायचे. लिटरला ४०-५० ग्रॅम सोडा, पाणी ६०-७० अंश, अर्धा-पाऊण तास. मग ब्रश मारला की चिकटा सुटतो. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा पाहिजेच. पार्ट काढल्याबरोबर धुऊन, पुसून, ऑईलचा हात फिरवायचा. नाहीतर चहा पिऊन येईपर्यंत तांबेरा धरतो. सोड्याचे पाणी एका दिवसात वाया जात नाही. रात्रभर स्थिर ठेवले की तेल वर येते, ते काढून घ्यायचे, थोडा सोडा वाढवायचा आणि तेच पाणी पुन्हा वापरायचे. आम्ही एक पिंप महिनाभर चालवले.

अॅल्युमिनिअमचा पार्ट मात्र त्यात चुकूनही टाकू नये. आमच्या हातून हे घडले आहे. बाजारातून एक डबा आणला होता, डब्यावर हिरवे पान, खाली 'पर्यावरणस्नेही, जैवविघटनशील' असे छापलेले. त्यात एका सभासदाच्या ट्रॅक्टरचे अॅल्युमिनिअमचे हाऊसिंग बुडवले. बुडबुडे यायला लागले तेव्हा आम्ही म्हटले, वा, औषध काम करतेय! काढले तेव्हा हाऊसिंग काळे पडून खरखरीत झालेले. डब्यात कॉस्टिक होते. कॉस्टिक अॅल्युमिनिअमला खाते, ते बुडबुडे हायड्रोजनचे होते आणि तो वायू पेट घेतो. सभासद भला माणूस, नवे हाऊसिंग आम्ही घेऊ दिले तरी चार दिवस त्यांच्याकडे बघायची आम्हाला लाज वाटत होती.

त्या डब्यावरच्या अक्षरांबद्दल आम्हाला मुख्य सांगायचे आहे. 'जैवविघटनशील' हा शब्द डब्यातल्या द्रवाला लागू असतो. जे ग्रीस त्या द्रवाने काढले, ते काही त्यामुळे जैवविघटनशील होत नाही. ते पहिल्याइतकेच घाण राहते, फक्त आता साबणात विरघळल्यासारखे दिसते. आणि धोका इथेच आहे. साबण तेलाचे इतके बारीक थेंब करतो, की पाणी दुधासारखे पांढरे होते आणि तेल वर येत नाही. आपला ऑईल ट्रॅप काय करतो? वर आलेले तेल अडवतो. न आलेले कसे अडवणार? ते सरळ पुढे जाते आणि ईटीपीच्या जिवाणूंच्या नाकातोंडात बसते. म्हणजे जितका जोरदार साबण तितकी ट्रॅपची फजिती.

म्हणून कुठलाही द्रव विकत घेण्याआधी आम्ही एक साधी परीक्षा करतो. काचेची बाटली घ्यायची, त्यात धुतलेले घाण पाणी भरायचे, जोराने हलवायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी तेलाचा थर स्वच्छ वर आलेला दिसला तर माल घेण्याजोगा. पाणी पांढरेच राहिले तर डब्यावर कितीही पाने छापलेली असोत, दुकानदाराला परत. व्यापाऱ्यांना ही परीक्षा आवडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

सोड्याच्या बाबतीतही एक इशारा दिलाच पाहिजे, नाहीतर आमच्याच खात्याच्या कामावर पाणी पडेल. धुण्याच्या सोड्यात सोडियम असते. काळ्या जमिनीत सोडियम साचले की ती चोपण होते. वर पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही, उसाची मुळे गुदमरतात. कॅनॉलच्या पट्ट्यात चोपण जमिनी दुरुस्त करायला जिप्सम टाकून आणि चर काढून आपण काय काय केले आहे, ते सभासदांना सांगायला नको. तेव्हा सोड्याचे पाणी शेतात, बांधावर किंवा शोषखड्ड्यात सोडायचे नाही. मग ते जायचे कुठे, हा प्रश्न उरतो. त्याकडे येतो.

बेअरिंगांना सोड्याचे पाणी घालू नये. त्यासाठी थोडे डिझेल लागते, हे आम्ही कबूल करतो. पण झाकणाच्या पिंपात चार-पाच लिटर घ्यावे, वापरून झाले की झाकून ठेवावे. गाळ खाली बसतो, वरचे निवळ पुन्हा वापरावे. हंगामाची सगळी बेअरिंगे त्यात निघतात. पेट्रोल मात्र अजिबात नको. त्याची वाफ साध्या हवेतही पेट घेते आणि शेजारी कुणीतरी विडी ओढत असतोच. शिवाय त्यात बेन्झीन असते, ते रक्ताच्या कर्करोगाचे कारण आहे. ब्रेकच्या भागांना डिझेल किंवा कुठलेही तेलकट औषध लावू नये. पाण्याने ओले करून पुसावे, कोरडी हवा मारू नये, कारण जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकते.

इथे एक गोष्ट वाचकांच्या कानावर घालावीशी वाटते. परदेशात हल्ली एथिल लॅक्टेट नावाचा द्रव ग्रीस काढायला वापरतात. तो लॅक्टिक आम्ल आणि अल्कोहोल यांपासून बनतो, जमिनीत गेला तर पुन्हा त्याच दोन्हींत मोडून संपतो. लॅक्टिक आम्ल साखर आंबवून होते. थायलंडमध्ये ते उसाच्या साखरेपासून करतात. अल्कोहोल तर आपल्या उद्योगाचेच. म्हणजे ट्रॅक्टरचे ग्रीस काढणारे औषध उसातून निघू शकते. आज ते डिझेलपेक्षा पुष्कळ महाग आहे, आणि त्याने काढलेले ग्रीसही ग्रीसच राहते, म्हणून लगेच कुणी स्वप्ने पाहू नयेत. पण उपपदार्थांची चर्चा निघते तेव्हा इथेनॉलच्या पुढे कुणी जात नाही, ते थोडे जावे.

आता आमचे मत. द्रव कोणता, हा प्रश्न दुय्यम आहे. खरी अडचण ही, की धुतलेले पाणी ठेवायला एकट्या शेतकऱ्याकडे जागा नाही. एक सभासद दोन लिटर काळे डिझेल घेऊन अधिकृत प्रक्रियावाल्याकडे जाईल, ही अपेक्षा वेडेपणाची आहे. तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात गाळाचा एक डबा घेऊन कोण जाणार? हे काम गोळा करून करायचे आहे, आणि गोळा करून करण्यासाठीच आपली सहकारी संस्था आहे. म्हणून कारखान्याने यार्डात एक धुण्याची शेड बांधावी, असे आम्ही मांडतो. खाली काँक्रीट, कडेने वीतभर उंच कठडा, वर पत्रा. पत्रा शोभेसाठी नव्हे. पावसाचे पाणी ट्रॅपमध्ये शिरले की वर साठलेले तेल पहिल्या सरीतच वाहून जाते. आत खरवडायचे टेबल, गरम सोड्याची टाकी, डिझेलचे एक झाकणाचे पिंप, आणि काळ्या ऑईलची दोन बॅरले. सांडले तर वर टाकायला बगॅस. तो तेल छान शोषतो, पण तेलकट झालेला बगॅस परवानगीशिवाय बॉयलरमध्ये लोटायचा नाही. टाकीतले निकामी पाणी आणि गाळ कारखान्याच्या कचऱ्याबरोबर रीतसर जाईल. काळे ऑईल विकत घेणारे अधिकृत लोक आहेत, त्याचे पैसेही येतात.

अडचणी नाहीत असे नाही. ओव्हरहॉलिंग हंगामाआधी, नेमकी तेव्हा कारखान्याची वाफ बंद असते, म्हणजे पाणी तापवायला सोलर किंवा दुसरी सोय बघावी लागेल. दुसरे म्हणजे प्रत्येक जण वीस-पंचवीस किलोमीटरवरून उघडलेला गिअर बॉक्स घेऊन येणार नाही. त्यासाठी निदान गट ऑफिसला काळ्या ऑईलचे एकेक बॅरल ठेवता येईल, आणि खत न्यायला येणारे वाहन येताना कॅन घेऊन येईल. त्या बॅरलांची परवानगी नियमाप्रमाणे घ्यावी लागेल. त्यासाठी कागद करायला आम्ही तयार आहोत. खर्चाचे काय, हा प्रश्न संचालक मंडळ विचारीलच. शेडचा अंदाज इंजिनीअरिंग विभागाने काढावा. त्याच्या शेजारी, तवंग धरलेली एक विहीर उपसायला आणि एक बिघडलेला शेजार जोडायला काय लागते, ते मात्र अंदाजपत्रकात कुठे लिहायचे हे आम्हाला समजत नाही. त्या दोन घरांचे बोलणे अजून सुरू झालेले नाही.

ज्या सभासदांना किंवा वाहतूक ठेकेदारांना हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा असे वाटते, त्यांनी तशी लेखी सूचना आपल्या गट ऑफिसला मुदतीत द्यावी. विरोध असेल तर तोही लेखी द्यावा. आणि यंदाच्या धुण्यापुरती एवढी विनंती, की जागा विहिरीच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला धरू नये, आधी खरवडावे, आणि काळे झालेले डिझेल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, पाणी न मिसळता, सावलीत ठेवावे. शेडचा निर्णय होईपर्यंत ते कॅन कसे उचलायचे, याची व्यवस्था पुढच्या अंकात कळवू.